टोकाकडे न बघणारी बाई

वाळकेश्वरच्या खडकांवर गळ टाकून बसणारी माणसं झाडून सगळी काठीच्या टोकाकडे डोळे लावून असतात. मान हलवली तर मासा रागावेल अशा बेताने. अपवाद एकच, कालिंदीबाई विजयकर. वय सहासष्ट, अंगात फिका पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला पंचा. त्या गळ लांब फेकतात, तंगूस, म्हणजे गळाचा तो बारीक नायलॉनचा दोर, ताणून उजव्या तर्जनीवर घेतात आणि मग खुशाल मान फिरवून वरच्या रस्त्याकडे बघत बसतात. कुठल्या गॅलरीत कालचेच कपडे वाळताहेत, कुठला ड्रायव्हर गाडी पुसायची सोडून फोनवर बोलतोय, सगळ्यांची हजेरी त्यांच्याकडे असते. नवा माणूस त्यांना बघून गालात हसतो. जुना हसत नाही, कारण अशाच इकडेतिकडे बघणाऱ्या बाईंनी हातभर लांबीचा गोबरा मासा वर काढलेला त्याने पाहिलेला असतो.

ही शिकवण वडिलांची. रघुवीर विजयकर सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, पण त्यांचा जीव खडकावर. पाठारे प्रभूंच्या घरात मासा खाण्याचं कौतुक सगळ्यांना असतं, धरण्याचं फारसं कुणाला नसतं. तो कोळणीच्या पाटीतच जन्माला येतो असा समज. रघुवीररावांना मात्र दोन्ही नाद. तिथीची पाऊणकी करून ते भरतीची वेळ काढायचे. आज अष्टमी, आठाची पाऊणकी सहा, म्हणजे सहाला पाणी भरणार; मग चारलाच स्वारी खडकावर. त्यांचा नियम एकच होता: टोकाकडे बघायचं नाही. "टोक हलतं तेव्हा मासा चारा तोंडात घेऊन, चाखून, थुंकून मोकळा झालेला असतो," ते सांगायचे. "टोक म्हणजे कालचं वर्तमानपत्र. आत्ताची बातमी हवी तर बोटाला विचार." डोळा टोकावर खिळला की बोट ऐकेनासं होतं, म्हणून डोळ्यांना भलत्या कामाला लावायचं.

हा नियम त्यांनी आधी मुलाला शिकवून पाहिला. पुष्कर तेव्हा सहा वर्षांचा. तो टोकाकडे बघत बसला, मग कंटाळून चाऱ्याच्या डब्यात डोकावला आणि तिथेच ओकला. मग त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी बहीण पुढे झाली. खडकावरच्या पुरुषांनी नाकं मुरडली. बाईमाणूस आलं, आता कसला मासा लागतोय. चौदा वर्षांच्या कालिंदीने त्या संध्याकाळी तीन शिंगाळे काढले आणि निघताना एकेकाला थांबून "येते हं काका" म्हणून गेली. नम्रपणा हा त्यांचा स्वभाव नव्हे, तेव्हाही नव्हता.

पुढे फोर्टातल्या एका विम्याच्या कचेरीत सदतीस वर्षं नोकरी झाली. लग्न झालं नाही. स्थळं आली. एका मुलाने कांदेपोहे संपवता संपवता विचारलं, लग्नानंतर हे मासे पकडण्याचं वेड बंद कराल ना? कालिंदीबाईंनी त्याच्या हातातली बशी काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली. घरात दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी भरती सकाळी सातला होती, वडील आणि मुलगी सहाच्या आत घराबाहेर पडले आणि विषय संपला.

आता वडील नाहीत. ठाकुरद्वारच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात बाई, बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेला पुष्कर आणि त्याची बायको अनुजा अशी तिघं राहतात. पुष्कर माणूस चांगला आहे. पण काळजी करणं हा त्याचा निवृत्तीनंतरचा उद्योग आहे आणि बहीण ही त्याची एकुलती एक फाइल. मागच्या हिवाळ्यात बाई शेवाळावरून घसरल्या, गुडघा सोलवटला. तेव्हापासून त्याचं टुमणं चालू झालं, "ताई, पुरे आता." बाई फ्रीजमधला मासा दाखवायच्या आणि म्हणायच्या, "हे तू आणलंस का?" त्यावर पुष्कर ताट पुढे करायचा, आणि तेही दोन वेळा.

आणि नेमकं यंदा दसऱ्यापासून हे उत्तरच बाईंच्या हातून गेलं.

चावे चुकायला लागले. मासा नव्हता असं नाही. आजूबाजूची मंडळी पालू काढत होती, शिंगाळे काढत होती. बाई बसायच्या, बोट गप्प. अर्ध्या तासाने तंगूस गुंडाळून बघावं तर गळ घासलेल्या पितळेसारखा स्वच्छ. पुन्हा कोळंबी लावायची, पुन्हा फेकायचं, पुन्हा तेच. एका भरतीत दहा-बारा कोळंब्या. मासे येत होते, जेवत होते, तोंड पुसून जात होते, आणि ज्या बाईने बावन्न वर्षांत कुणाला फुकट जेवू घातलं नव्हतं तिला पत्ता लागत नव्हता. दिवाळी झाली, थंडी पडली. बाईंची पिशवी रिकामी ती रिकामीच.

पुष्करने हे टिपलंच. "ताई, आता तर मासाही मिळत नाही," तो एकदा जेवताना म्हणाला. "मग पडायलाच जायचं का तिथे? काठी माळ्यावर टाकतो मी."

"काठीला हात लावलास तर बघ," बाई म्हणाल्या. पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. ते अनुजाच्या लक्षात आलं.

खडकावर सल्ले फुकट मिळतात. दादरचा वीरेंद्र, चाळिशीतला चार्टर्ड अकाउंटंट, रविवारी पेटीभर सामान घेऊन यायचा. त्याने बाईंची अडचण मनावर घेतली. "आंटी, किनाऱ्यावरून चावा कळणं डिफिकल्टच असतं," तो म्हणाला. "वाऱ्याने लाइनला पोट येतं. मासा ओढतो, पण आधी ते पोट सरळ होतं, आणि तुमच्यापर्यंत काही पोचतच नाही. त्यात लाटा. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या. गळ बुडवायला बांधलेलं तुमचं शिसं हलकं आहे, गळ बोथट आहे." चूक काहीच नव्हतं. बाईंनी जड शिसं बांधलं, बारीक तंगूस घेतला, वीरेंद्रच्या डबीतला नवा गळ लावला, वारा पाठीवर येईल असा खडक निवडला. गळ पूर्वीइतकाच स्वच्छ येत राहिला. शेवटी वीरेंद्रने काठीच्या टोकाला बांधायची छोटी घंटी पुढे केली. मासा लागला की वाजते.

"मासा काय आरतीला येतोय?" बाई म्हणाल्या. "ती वाजेपर्यंत तो प्रसाद घेऊन घरी गेलेला असतो. ठेव ती तुझ्याकडे."

दुसरा सल्ला दत्तारामचा. घोडपदेवचा सत्तरीपलीकडचा म्हातारा, रे रोडच्या लाकडाच्या वखारीत आयुष्य गेलं, मूळ गाव मालवणाकडचं. काठीबिठी त्याच्याकडे नाही. दोर एका बाटलीला गुंडाळलेला, की झालं. पंधरा दिवस तो लांबूनच बघत राहिला. मग एके दिवशी बाईंच्या शेजारी येऊन उकिडवा बसला आणि त्यांचा स्टीलचा डबा उघडून बघितला.

"गो बाय, ही कोळंबी सोललेली?"

"मग काय कवचासकट?"

"काळो दोरो पण काढलास?"

"अर्थात काढला."

दत्तारामने एक कोळंबी नाकाजवळ नेली. "हळद लावलंस?"

बाईंनी डबा आपल्याकडे ओढला. हळद लावली होती. मीठही. घरात कोळंबी आली की सोलायची, पाठीतला दोरा ओढून काढायचा, मीठ-हळद चोळून ठेवायची, हे त्यांच्या हातांना इतकं पाठ होतं की त्यातल्या दहा-बारा डब्यात घालताना वेगळं काही करावं असं कधी मनातच आलं नव्हतं. रघुवीररावही तसंच करायचे. त्यांचं म्हणणं, जे आपण तोंडात घालणार नाही ते दुसऱ्याच्या ताटात वाढू नये. आता हा दुसरा म्हणजे मासा आहे, आणि त्याला वाढून आपण त्यालाच तळणार आहोत, ही बाब तत्त्वाच्या आड येत नसे. असली चूक करावी ती प्रभूंनीच.

दत्ताराम हसून हसून खोकला. "अगो, मासो काय पंगतीक बसतलो? मऊ कोळंबी ती, एक चोख मारली की गेली. त्याच्यावर मासो गावायचो तर पहिल्या टिचकीक हिसका दिऊक होयो." त्याने आपल्या फडक्यातल्या डोक्या-कवचासकटच्या दोन कोळंब्या काढून दिल्या.

बाईंनी त्या नाक मुरडत लावल्या. चारा थोडा जास्त टिकला एवढंच. गळाला नुसतं कवच राहू लागलं, डोकं चावलेलं, आतला गर गेलेला. बोटाला तरीही काही कळलं नाही. बसमधून घरी येताना बाईंच्या मनात दत्तारामचं एकच वाक्य फिरत होतं. पहिल्या टिचकीला हिसका द्यायला हवा. बरोबर. आणि त्या हिसका पहिल्याच टिचकीला देत आल्या होत्या, म्हणून तर सोललेली कोळंबी बावन्न वर्षं चालली. कोळंबी तीच होती, खडक तेच होते. मग बदललं काय, हा प्रश्न पुढे न्यायचा त्यांना धीर झाला नाही. तर्जनीत दोन वर्षं मुंग्या येत होत्या, हे त्यांना ठाऊक होतं. ते त्यांनी कचेरीतल्या जुन्या टाइपरायटरच्या खात्यावर टाकून दिलं होतं.

उत्तर स्वयंपाकघरात मिळालं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाजारातून आणलेला रावस तळत होत्या. हो, बाजारातून, त्याची लाज वेगळीच. तवा सरकला म्हणून त्यांनी डाव्या हाताने कड धरली आणि उजव्या हाताने तुकडी उलटली. मग दुसरी उलटली. अनुजा शेजारी कोथिंबीर निवडत होती. तिला आधी वास आला.

"ताई, हात," ती म्हणाली आणि तिने मनगट धरून हात ओढला. अंगठ्याजवळची दोन बोटं पांढरी पडली होती. बाई बोटांकडे बघत राहिल्या. ती दुसऱ्या कुणाची तरी असावीत तशी.

अनुजाने हात नळाखाली धरला. पाणी वाहत होतं आणि ती हळू आवाजात बोलत होती. "महिनाभर तुमच्या ओढण्यांवर रक्ताचे डाग असतात. मी धुते म्हणून मला माहीत. आधी वाटलं माशाचं असेल. पण ताई, मासा तर नाहीच. मग रक्त कुणाचं?"

गळ लावताना तो बोटात जात होता. तेही कळलं नव्हतं.

"पुष्करला सांगायचं नाही," बाई म्हणाल्या.

"आज डॉक्टरकडे आलात तर नाही सांगणार."

नाक्यावरच्या डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचे जुने कागद बघितले, भाजलेल्या बोटांना मलम लावलं आणि मग टेबलाच्या खणातून एक टाचणी काढली. "डोळे मिटा. टोचलं की हो म्हणा." बाईंनी डोळे मिटले. हे त्यांना सवयीचं होतं. डोळे मिटून बोटाचं ऐकायचं, आयुष्यभर तेच तर केलं. त्यांनी सगळं लक्ष उजव्या हाताच्या बोटांत नेलं आणि वाट पाहिली. बाहेर कुणाचा तरी खोकला ऐकू येत होता, पंखा फिरत होता. एकदा काहीतरी दूरवर जाणवल्यासारखं झालं आणि त्या "हो" म्हणाल्या. मग पुन्हा शांत. अजून सुरुवात केली नाही वाटतं, असं समजून त्यांनी डोळे उघडले. डॉक्टर टाचणी खाली ठेवत होते.

"नऊ वेळा टोचलं," ते म्हणाले. "तुम्ही एकदा हो म्हणालात."

आठ चावे चुकले. इतकं स्वच्छ गणित आजवर कुणी मांडून दाखवलं नव्हतं. वारा नाही, शिसं नाही, कोळंबी नाही. मासा दार वाजवत होता आणि घरात ऐकणारं कुणी राहिलं नव्हतं. बाईंना रडू आलं नाही. राग आला, डोळ्यांत पाणी येईल इतका राग. गुडघे गेले असते तर चाललं असतं, केस गेले असते तरी चाललं असतं, पण नेमकी बोटं. वडिलांनी दिलेलं सगळं जिथे ठेवलं होतं तेच कपाट फोडावं तसं झालं.

डॉक्टर समजावत होते. साखरेने नसा मरतात, बोटांपासून आणि पावलांपासून सुरुवात होते, गेलेलं बहुधा परत येत नाही, आहे ते सांभाळायचं. गॅसपाशी जपून, चपलेशिवाय चालायचं नाही, आणि खडकांवर वगैरे तर आता नकोच. बोलता बोलता त्यांनी कापसाची वात करून बाईंच्या गालाला लावली. "हे कळतंय?" बाईंनी चटकन मान मागे घेतली. "हनुवटी?" "हो." "ओठ?" वात टेकायच्या आधीच बाई "हो" म्हणाल्या. "छान, चेहऱ्याला काही नाही," डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या लिहायला लागले. बाईंनी पुढचं ऐकलंच नाही. त्यांनी जिभेने खालचा ओठ चाचपला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघितली. उद्या अष्टमी होती.

अष्टमीला चारच्या आधी त्या खडकावर होत्या. डब्यात कोळंबी सोललेली, दोरा काढलेली, हळद लावलेली. दत्तारामने डबा बघून कपाळाला हात लावला. "माझ्याकडे आलेल्याला मी अशीच वाढते," बाई म्हणाल्या. "तू तुझं बघ."

काठी त्यांनी छातीशी उभी धरली. तंगूस ताणला, हनुवटी खाली घेतली आणि रिळापासून वर जाणारा तो ओला दोर खालच्या ओठावर टेकवला. खारट लागला. ओठ दोराला असताना मान रस्त्याकडे वळेना, तेव्हा डोळे मिटून घेतले.

पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ होता. ओठ फार बडबड्या निघाला. लाट आली की सांगे, वारा आला की सांगे, खाली वाळूत शिसं लोळलं तरी सांगे. बोटाला शहाणं व्हायला बावन्न वर्षं मिळाली होती. ओठ आजच कामावर लागला होता. बाईंनी त्याला एकेक शिकवायला घेतलं. सावकाश येऊन सावकाश जाते ती लाट. येते आणि सोडतच नाही ती पिशवी. दोनदा त्यांनी लाटेला हिसका दिला. एकदा प्लास्टिकची पिशवी वर काढली. वरच्या कठड्यावर चार पोरं थांबली होती. सहासष्ट वर्षांची बाई तोंडात दोर धरून बसलेली बघायला रोज मिळत नाही.

"आंटी," वीरेंद्र जवळ येऊन कुजबुजला, "वरून व्हिडिओ काढतायत."

बाईंनी ओठावरचा तंगूस बाजूला केला. "काढू देत. चष्मा वाकडा दिसतोय का तेवढं सांग." मग दोर पुन्हा ओठाला लावला.

पाचच्या सुमारास कालच्या बातमीसारखं नाही, अगदी आत्ता, ओठावर टक् झालं. दाताला ऐकू जावं इतकं साफ. बाई इतक्या दचकल्या की हिसका द्यायचा राहिला. गळ वर घेतला, कोळंबी अर्धी खाल्लेली. मासा गेला होता. पण त्या हसत होत्या, एकट्याच, मोठ्याने. हा चावा त्यांनी चुकवला होता, त्यांच्यापासून चुकला नव्हता. दोन महिन्यांनी प्रथमच त्यांना आपण काय हरवलं ते कळलं होतं.

त्यांनी नवी कोळंबी घेतली आणि गळ लावायला बोटं वळवली, तेवढ्यात वरून हाक आली. पुष्कर. ऑफिसचे जुने काळे बूट घालून तो खडकांवरून उतरत होता, एकेक पाऊल जोखत, आणि चेहरा बघताच बाईंना कळलं की अनुजाला गप्प बसवलं नाही. तिच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता; वचनाला जागून तिने एक दिवस कळ काढली होती. बाईंनी घाईने गळ टोचला, फेकला, तंगूस ओठाला लावला आणि डोळे मिटले.

पुष्कर धापा टाकत समोर आला. "ताई, ऊठ." दोर ओठावर तसाच. "अनुजाने सगळं सांगितलंय. बोटांना चटका कळत नाही, टाचणी कळत नाही. पावलांचंही तेच होणार म्हणतात डॉक्टर. आणि तू या शेवाळावर येऊन बसतेस. हे काय चाललंय? तोंडात काय घेतलंस ते?" बाईंनी डोळे न उघडता तळहात वर केला. थांब. पुष्करचा आवाज चढला. "थांब काय? मी दोन महिने थांबलोय. माझ्यापासून लपवलंस तू. उद्या कुणीतरी मला फोन करून सांगणार, तुमची बहीण खडकात पडली म्हणून, आणि मी—"

टक्.

बाईंनी तोंड फिरवलं आणि दोन्ही हातांनी काठी वर घेतली. काठी वाकली आणि वाकलेलीच राहिली. वीरेंद्र आपली काठी टाकून आला, दत्ताराम उठून उभा राहिला, पुष्कर वाक्य अर्ध्यावर टाकून मागे सरला. बाईंनी घाई केली नाही. मासा खाली गेला की जाऊ द्यायचा, थांबला की रीळ फिरवायचं. बोटांना रिळाची मूठ कळत नव्हती तर त्यांनी ती तळहाताने दाबून फिरवली. दहा मिनिटांनी खडकाच्या कडेला करडा, गुळगुळीत, मिशाळ शिंगाळा वर आला, चांगला दीड-दोन किलोचा, आणि घुर्र घुर्र करत शेपूट आपटू लागला.

कठड्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी तिकडे बघितलं नाही. त्या पुष्करकडे बघत होत्या.

"गळ काढ त्याचा," त्या म्हणाल्या.

"मी?"

"शिंगाळ्याला तीन काटे असतात, पाठीवर एक आणि कल्ल्यांपाशी दोन. लागला तर रात्रभर ठणकतो. माझ्या बोटांना तो लागलेला कळणार नाही. तुझ्या कळेल."

हे त्या आजवर कुणापाशी बोलल्या नव्हत्या, आणि बोलल्या त्या अशा की जणू भाजी आणायला सांगत होत्या. पुष्करने माशाकडे बघितलं, मग बहिणीच्या बोटांकडे. तो भांडायला आला होता. कबुली मिळेल याची त्याची तयारीच नव्हती. दत्तारामने पुढे होऊ पाहिलं तर बाईंनी त्याला डोळ्यांनी दटावलं. शेवटी पुष्कर वाकला. बाई सांगत गेल्या. पंचा घे, डोक्याच्या मागून धर, घाबरू नकोस, तोही घाबरलेलाच आहे. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात पुष्करने तीन-चार हजार मासे खाल्ले असतील, जिवंत हा पहिलाच धरला. गळ सुटला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"झालं?" तो हात पँटला पुसत म्हणाला. आवाज मऊ झाला होता. "मिळाला ना मासा. सगळ्यांना दाखवलंस. आता चल घरी. मानाने ऊठ."

"मी दाखवायला नाही आले," बाई म्हणाल्या. "सहाला पाणी भरतंय. अजून अर्धा तास आहे."

"आणि पडलीस तर?"

"माणसं न्हाणीघरातही पडतात. तिथे मासा लागत नाही." मग त्यांनी भावाच्या डोळ्याला डोळा भिडवला. "हे बघ पुष्कर. बोटं गेली, ती परत येणार नाहीत. पावलं जातील तेव्हा जातील. गोळ्या घेईन, तव्याला हात लावणार नाही, बूट घालीन, डॉक्टर म्हणतील ते सगळं करीन. घरी बसणार नाही. काठी माळ्यावर टाकायची असेल तर तिच्याबरोबर मलाही चढव."

पुष्करने खाली पायाशी बघितलं. पाणी खडकाच्या कपारीत शिरून बाहेर येत होतं. बाईंनी डबा उघडून त्याच्यापुढे धरला, वर रिकामा गळही दिला.

"आणि कोळंबी यापुढे तू लावायचीस. माझ्या बोटात गळ जातो. परवाची भरती साडेसातला आहे, तिलाही ये."

"साडेसात म्हणजे सकाळी?"

"सकाळी."

त्याने बुटाला लागलेलं शेवाळ खडकावर घासलं. मग त्याने खाली रुमाल अंथरला, त्यावर बसला आणि मांडीवर डबा घेऊन एक सोललेली, हळद लावलेली कोळंबी चिमटीत उचलली. गळ दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला. "ताई, मला बोलायचंय तुझ्याशी," तो म्हणाला. "अजून खूप बोलायचंय."

बाईंनी गळ फेकला. शिसं लांब जाऊन पाण्यात पडलं, तंगूस ताठ झाला.

"पाणी उतरल्यावर बोल," त्या म्हणाल्या. "आता माझं तोंड कामात आहे."